बिबटे हलवून गाव निर्धास्त होत नाही

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत पट्ट्यात महिन्याभराच्या आत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसं गेली. एक चिमुरडी, एक म्हातारी आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. लोक रस्त्यावर उतरले, पुणे-नाशिक महामार्ग अडला, वनखात्याची गाडी जळली. ज्याच्या अंगणातून लेकरू उचललं गेलं त्याला शांत राहा म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. तो संताप खरा होता आणि त्यातला बराचसा रास्त होता. पण त्या संतापाच्या लाटेवर जी मागणी वर आली आणि ग्रामसभेच्या ठरावांपासून विधिमंडळापर्यंत पोचली, ती मला घातक वाटते. ज्यांच्या जिवासाठी ती केली जाते आहे, त्यांच्याच जिवावर ती उठेल. म्हणून हा प्रतिवाद.

मागणी अशी: या भागातले सगळे बिबटे उचला. दूरच्या जंगलात सोडा, गुजरातेत वनतारा या प्राणी केंद्रात पाठवा, ते जमत नसेल तर गोळ्या घाला. पण इथे एकही बिबट्या नको. ही मागणी करणारे माझे शत्रू नाहीत. त्यांच्यातले अनेकजण अंधार पडला की घराबाहेर पाऊल टाकत नाहीत, पोरांना एकटं शाळेत धाडत नाहीत, संध्याकाळी गोठ्यात जायचं तर दोघं मिळून जातात. त्यांची भीती कुणी खोटी ठरवू नये. मला वाद घालायचा आहे तो उपायाशी.

पहिली गोष्ट अशी की हा उपाय नवा नाही. तो याच मातीत, याच तालुक्यांत एकदा करून झाला आहे. 2001 नंतर जुन्नर वनविभागात बिबट्यांचे हल्ले गाजू लागले तेव्हा पिंजरे लागले, बिबटे मोठ्या संख्येने पकडले गेले आणि आसपासच्या जंगलांत, अभयारण्यांत नेऊन सोडले गेले. सरासरी चाळीसेक किलोमीटरवर. हेतू चांगलाच होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या साऱ्याचा हिशोब मांडला. तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. बिबटे हलवण्याआधीच्या काळात या भागात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते. हलवाहलव सुरू झाल्यावर ते सरासरी 17 वर गेले. हल्ल्यांत माणूस दगावण्याचं प्रमाणही 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेलं. म्हणजे हल्ले चौपट झाले आणि प्रत्येक हल्ला आधीपेक्षा दुप्पट जीवघेणा ठरला.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. बिबटे वाढले म्हणून हल्ले वाढले, हलवण्याचा काय संबंध? संबंध आहे. बिबट्याची मादी एका वेळी दोन-तीन पिल्लं देते आणि ती दीड-दोन वर्षं आईबरोबर राहतात. अशा जनावराची संख्या एका-दोन हंगामांत चौपट होत नाही. शिवाय हल्ले वाढले ते सोडलेल्या जागांच्या आसपासही वाढले, जिथे आधी तक्रार फारशी नव्हती. आणि या सगळ्याची दुसरी बाजू शेजारच्याच अकोले तालुक्यात दिसली. तिथल्या बागायती खोऱ्यात, चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा भागात, अभ्यासकांनी कॅमेरे लावले. 100 चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच मोठे बिबटे निघाले, तरसंही तेवढीच. एवढे बिबटे आणि एवढी माणसं एकमेकांच्या दारात असूनही त्या अभ्यासाच्या काळात तिथे बिबट्याने एकही माणूस मारला नव्हता. मग नुसती संख्याच माणसं मारते असं कसं म्हणायचं?

बिबट्या हलवला की काय होतं ते समजून घ्यायला हवं, कारण सगळा वाद तिथेच अडतो. मोठा नर किंवा मादी एखाद्या टापूत वर्षानुवर्षं मुक्काम करून असते. कोणत्या वस्तीवर कुत्री किती, कोणता पाट रात्री निर्मनुष्य असतो, कुठल्या घरची माणसं पहाटे चारला उठून धारा काढतात, कोणत्या वाटेवर टॉर्च घेऊन माणूस फिरतो, हे त्याला पाठ असतं. त्याचा दिवस उसात जातो आणि रात्र माणसांना चुकवण्यात. आपण त्याला पाहत नाही याचं कारण तो नाही असं नसून त्याला आपली पुरती माहिती आहे, हे आहे. असा मुरलेला बिबट्या उचलला की जागा रिकामी होते, पण ऊस रिकामा होत नाही, कुत्री रिकामी होत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांत आईपासून नुकतीच फुटलेली, जागा शोधत फिरणारी तरणी जनावरं तिथे घुसतात. त्यांना ना गाव माहीत, ना माणसांच्या वेळा. एकाच्या जागी दोन-तीन येतात आणि आपसात भांडतात. आणि ज्याला हलवलं, तो पिंजऱ्यात दात मोडून, माणसांच्या गर्दीने पिसाळून, अनोळखी मुलखात उपाशी सोडला जातो. तिथेही आधीचे बिबटे आहेतच. ते त्याला टिकू देत नाहीत. तो चालू लागतो.

किती चालतो? 2009 साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या बाजूला विहिरीत पडलेला एक वयस्क नर बाहेर काढून, गळ्यात जीपीएसचा पट्टा घालून माळशेज घाटात सोडण्यात आला. अभ्यासकांनी त्याला आजोबा म्हटलं. पुढे त्याच्यावर त्याच नावाचा सिनेमाही निघाला. हा आजोबा महिन्याभराच्या आत सव्वाशे किलोमीटरच्या घरात अंतर कापून, महामार्ग, रेल्वेमार्ग आणि वसईची खाडी ओलांडून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्याने माणसाला इजा केली नाही, हे त्याचं आणि आपलं नशीब. दोन वर्षांनी महामार्गावर तो गाडीखाली सापडला. पण विचार करा: माळशेजला सोडलेला बिबट्या माळशेजला राहत नाही. ज्या जंगलात नेऊन सोडा म्हणतो त्या जंगलातून तो निघतो आणि वाटेतल्या प्रत्येक गावातून, तिथल्या अंगणांतून आणि गोठ्यांतून जातो. जुन्नरचं संकट उचलून मुरबाडच्या किंवा शहापूरच्या एखाद्या पाड्यावर टाकायचं, जिथे वर्तमानपत्राचा बातमीदारही वेळेवर पोचत नाही, ही मागणी न्यायाची कशी?

आता 'जंगलात सोडा' या शब्दांमागची समजूत. बिबट्या म्हणजे जंगलातून वाट चुकून आलेला पाहुणा, त्याला घरी पोचवला की झालं, असं त्यात गृहीत आहे. इथल्या बिबट्याचं घर ऊस आहे. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. पाटाला पाणी आलं. जिथे बाजरी-मटकी पिकत होती तिथे ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सतरा-अठरा महिने जागेवर असतो. आत बारा महिने गारवा, ओल, आडोसा. कडेला वस्त्या, वस्त्यांवर कुत्री, कोंबड्या, डुकरं, शेळ्या. इथल्या कित्येक बिबट्यांचा जन्म उसातला आहे, त्यांच्या आयांचाही. त्यांनी भीमाशंकरचं जंगल कधी पाहिलेलं नाही.

याच कारणाने मला दुसऱ्या बाजूशीही भांडायचं आहे, त्या लोकांशी जे पुण्या-मुंबईतून आम्हाला ऐकवतात की तुम्हीच त्यांच्या जागेवर अतिक्रमण केलंत. शिरूर-आंबेगावच्या शेतकऱ्याने कुठलं जंगल तोडलं? त्याच्या आज्याची जिराईत होती, तिथे पाणी आलं म्हणून त्याने ऊस लावला, कारण ऊसच एक असं पीक आहे ज्याला गिऱ्हाईक ठरलेलं असतं. बिबट्या तिथे त्याच्यानंतर आला. दारात पोराचं प्रेत असलेल्या माणसाला अतिक्रमणाचा पाठ देणं हे क्रूर आहेच, शिवाय इथल्या जमिनीबद्दल खोटंही आहे. बिबट्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे वाक्य कायमचं टाकून द्यावं. सगळी वैरभावना त्या एका वाक्याने दुप्पट होते.

राज्याच्या वनमंत्र्यांनी जंगलात शेळ्या सोडण्याची कल्पना मांडली, म्हणजे बिबट्या तिकडेच खाईल आणि गावात येणार नाही. उसातल्या बिबट्याला जंगलातल्या शेळीचा पत्ता कोण देणार, हा एक प्रश्न. दुसरा असा की बिबट्या इथे खातो काय, हे अकोल्यात विष्ठेच्या अभ्यासातून कळलेलं आहे. त्याच्या खाण्यातलं 87 टक्के पाळीव किंवा गावाच्या आधाराने राहणारी जनावरं. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के. शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनही खाण्यात त्यांचा वाटा थोडाच, कारण शेळी रात्री बांधलेली आणि कोंडलेली असते आणि कुत्रं मोकळं फिरतं. या एका आकड्यात उपायाची निम्मी दिशा आहे. जे रात्री नीट बंद आहे ते वाचतं. गावाच्या कडेला कोंबडीवाले पिसं-आतडी ओततात, मेलेलं वासरू ओढ्यात टाकलं जातं, त्यावर कुत्री पोसतात आणि कुत्र्यांवर बिबटे. शेळ्यांवर खर्च करायचा पैसा त्या उकिरड्यांवर आणि कुत्र्यांच्या नसबंदीवर खर्च झाला तर ते कामी येईल.

बिबट्यांच्या नसबंदीचीही चर्चा आहे. जुन्नर भागात मोजक्या माद्यांवर प्रयोग करायला केंद्राने परवानगी दिली आहे. प्रयोगाला माझा विरोध नाही. फक्त त्याच्या भरवशावर कुणी गावकऱ्यांना दिलासा देऊ नये. नसबंदी झालेली मादी तेवढंच खाते, तिथेच राहते. परिणाम दिसला तर काही वर्षांनी दिसेल. प्रश्न यंदाच्या हंगामाचा आहे.

'कायदा बिबट्याला माणसापेक्षा मोठा मानतो, वनखात्याचे हात बांधलेले आहेत', हे वाक्य सभांमध्ये टाळ्या घेतं, पण ते खरं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 मध्ये स्पष्ट तरतूद आहे: पहिल्या अनुसूचीतलं जनावर माणसाच्या जिवाला धोका ठरलं आणि त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारण देऊन त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. पिंपरखेडला अखेर तेच झालं. बिबट्याला गोळी घातली गेली. आणि मी इथे अजिबात आढेवेढे घेणार नाही. एखादं जनावर माणसांवर पुन्हा पुन्हा झडप घालत असेल तर ते तिथून गेलंच पाहिजे, पिंजऱ्यात कायमचं किंवा गोळीने, आणि तिसऱ्या मृत्यूची वाट न पाहता. कायद्याने हात बांधलेले नव्हते. उशीर झाला तो माणसं कमी, साधनं कमी, निर्णय वर आणि घटना खाली, यामुळे. मागायचंच असेल तर प्रत्येक परिक्षेत्रात चोवीस तास तयार असलेलं पथक, बेशुद्ध करणारा प्रशिक्षित पशुवैद्य, आणि पहिल्या हल्ल्यानंतर काही तासांत जागेवर कॅमेरे, हे मागा.

आणि कॅमेरे पिंजऱ्याच्या आधी. हे मी मुद्दाम म्हणतो आहे. हल्ला झाला की गावाला पिंजरा दिसायला हवा असतो. पुढारी फोन करतात, पिंजऱ्यांची रांग लागते, आत कोंबडी किंवा शेळी बांधली जाते. पिंजऱ्यात अडकतो तो त्या रात्री त्या वाटेने गेलेला कुठलाही भुकेला बिबट्या. तोच हल्लेखोर असेल याची काही खात्री नसते. तो अडकला की गाव सुटकेचा श्वास टाकतं, पोरं परत अंगणात खेळायला लागतात, आणि खरा हल्लेखोर शेजारच्या उसात बसलेला असतो. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, माणसाच्या बोटाच्या ठशासारखे. कॅमेऱ्यात आलेला फोटो आणि पिंजऱ्यातला प्राणी ताडून पाहता येतो. जखमेवरच्या लाळेतून डीएनए काढता येतो. ही पायरी टाळून सरसकट पिंजरे लावणं म्हणजे गावाला फसवा दिलासा देणं आहे. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात आयुष्यभरासाठी कोंडलेल्या जनावरांमध्ये असे निरपराध किती असतील, याचा मला राहून राहून विचार पडतो.

मग सगळेच मारा, असं टोकाला जाऊन म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: 2022 च्या गणनेत देशात 13,874 आणि महाराष्ट्रात 1,985 बिबटे अंदाजले गेले आणि ती गणना मुख्यतः जंगलांची होती, उसाची नव्हे. उसातल्या बिबट्यांचा शेवटचा जीव संपवायचा तर रात्री हजारो हेक्टर उभ्या पिकात बंदुका चालवाव्या लागतील, फासे लावावे लागतील, कुंपणात वीज सोडावी लागेल. कुंपणातल्या विजेने दरवर्षी माणसं मरतात, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. आणि जखमी होऊन निसटलेला बिबट्या हा सगळ्यांत वाईट शेजारी.

तर मग करायचं काय? याचं उत्तर कुणाला आवडत नाही, कारण त्यात एकही नाट्यमय दृश्य नाही. पिंजऱ्यातला बिबट्या टीव्हीवर दिसतो. बंद गोठा दिसत नाही. पण माणसं कशी मरतात ते पाहिलं की काय करायचं ते आपोआप समोर येतं.

माणसं मरतात ती बहुतेक वाकलेली किंवा बसलेली असताना, नाहीतर लहान असताना. बिबट्या उभ्या, बोलत्या, चालत्या मोठ्या माणसावर क्वचित जातो. गवत कापायला ओणवी झालेली बाई, उसाच्या कडेला शौचाला बसलेला मुलगा, ओट्यावर रांगणारं मूल, हे त्याच्या डोळ्याला माणूस न वाटता सावज वाटतात. आता दारं धरणाऱ्या शेतकऱ्याकडे बघा. शेतीला थ्री-फेज वीज बऱ्याचदा रात्री येते. डिसेंबरात मध्यरात्री मोटार चालू होते, पाटाला पाणी लागतं, आणि तो कपाळाला बॅटरी बांधून, हातात खोरं घेऊन उसात शिरतो. सरी भरली की वाकून बांध फोडायचा, पुढच्या सरीला पाणी लावायचं, मागची बुजवायची. वाकलेला, पाठ पिकाकडे, कानावर मफलर, पाण्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. तासन् तास. बिबट्याच्या भागात माणसाने करू नये ती सगळी कामं एका वेळी, आणि ती त्याच्याकडून वीज कंपनीचं वेळापत्रक करवून घेतं. बिबट्यांविरुद्धच्या मोर्चात पहिली घोषणा दिवसा विजेची असायला हवी. दिवसा वीज देण्यासाठी 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. जुन्नर वनविभागातली 233 गावं बिबट आपत्तिप्रवण म्हणून सरकारनेच जाहीर केली आहेत. मग या 233 गावांतले शेतीचे फीडर सगळ्यांत आधी दिवसावर आणा. त्यासाठी कुठल्याही केंद्रीय परवानगीची गरज नाही, एकही बिबट्या पकडावा लागत नाही.

गोठ्याचंही तसंच. नुसत्या भिंती पुरत नाहीत, बिबट्या सहज उडी मारून आत येतो. वर पत्रा किंवा जाळी हवी आणि दार आतून-बाहेरून पक्कं हवं. धनगरांचे वाडे उघड्यावर असतात, त्यांना हलवता येतील अशी उंच जाळीची कुंपणं हवीत. घराच्या भिंतीला खेटून ऊस लावू नये, निदान पाच-दहा मीटर जागा मोकळी ठेवावी. त्या पट्ट्यात भुईमूग लावा, भाजी लावा, पण डोळ्याला आड येणारं काही नको. ज्याची जमीनच एकरभर आहे त्याला हे सांगणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. त्या मोकळ्या पट्ट्याचा मोबदला सरकारने द्यावा. मृत्यूनंतर 25 लाख रुपये देणाऱ्या राज्याला मृत्यूआधी काही हजार द्यायला काय हरकत आहे? वस्तीवरचा रस्त्याचा दिवा, शौचालयाला पाणी, शाळेला ये-जा करायला गाडी, हे सगळं मागून मागून लोक थकले आहेत. त्या मागण्या कंटाळवाण्या वाटतात, पण जीव वाचतो तो त्यांनीच.

एक गोष्ट मात्र इथे नीट सांगायला हवी, कारण ती मी जवळून पाहिली आहे. ऊसतोड सुरू असते. फड संपत येतो, शेवटच्या पाच-सहा सऱ्या उरतात आणि पाचटात बिबट्याची पिल्लं सापडतात, डोळे नुकते उघडलेली. अर्ध्या तासात गाव जमतं. कुणी पिल्लू उचलून फोटो काढतो, कुणी पोराच्या हातात देतो. आई कुठेतरी शेजारच्या उसात असते आणि हे सगळं ऐकत असते. तेव्हा पिल्लं उचलून दूर केंद्रात नेली तर ती मादी चार-पाच रात्री त्या वस्तीभोवती फिरते, चवताळलेली. त्या रात्री सगळ्यांत धोक्याच्या. म्हणून वनखात्याची माणसं आणि माणिकडोहचे डॉक्टर आता वेगळं करतात: पिल्लं तपासायची, चिप बसवायची आणि अंधार पडताना त्याच जागी, त्याच फडात प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवून सगळ्यांनी लांब व्हायचं. कॅमेरा लावलेला असतो. रात्री मादी येते, क्रेट उलटा करते, एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. सकाळी क्रेट रिकामा आणि मादी दुसऱ्या उसात. मादी पिल्लं घेऊन निघून गेली की वस्तीवरच्या लोकांना झोप लागते. यासाठी गावाला एकच गोष्ट करावी लागते: एक रात्र त्या फडापासून लांब राहायचं. मी पाहिलं तेव्हा पोरांना हुसकावून लावायला गावातले दोन तरुणच काठ्या घेऊन उभे होते, आणि मला त्यांचा अभिमान वाटला.

त्या फडात पिल्लं पहिल्यांदा कुणाला सापडतात? ऊसतोड कामगाराला. बीड-धाराशिवकडून आलेल्या कोयत्याला, ज्याचं सगळं बिऱ्हाड पाच-सहा महिने कोपीत असतं. कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि ताडपत्री. दार नाही. दिवा नाही. शौचालय नाही. पहाटे तीनला नवरा-बायको फडात जातात आणि तान्हं मूल बांधावर झोळीत टांगलेलं किंवा पाचटावर टाकलेलं असतं, त्याच्याकडे बघायला आठ वर्षांची बहीण. बिबट्याच्या भागात याहून उघडं आयुष्य कुणाचं नाही. तरी ग्रामसभांच्या ठरावांत, मोर्च्यांत, विधिमंडळातल्या भाषणांत हा माणूस कुठे असतो? त्याला इथे मत नाही, त्याचं घर इथे नाही. बिबटे हलवा म्हणणाऱ्यांनीही त्याचं नाव घेतलं नाही आणि बिबट्यांना वाचवा म्हणणाऱ्यांनीही नाही. मला या सगळ्या वादात सर्वांत जास्त राग येतो तो याचा.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, त्यासाठी गाळपाच्या टनावर कारखान्यांकडून रक्कम घेण्याचं ठरलं आहे. कारखान्याचा सगळा धंदा याच उसावर उभा आहे, ज्यात बिबट्या राहतो. म्हणून मागणी कारखान्यांकडे करायला हवी आणि तिचा धागा साखर आयुक्तांच्या हातात आहे, कारण त्यांच्या परवान्याशिवाय गाळप सुरू होत नाही. बिबट आपत्तिप्रवण गावांत टोळी उतरवणाऱ्या प्रत्येक कारखान्याने कोप्यांच्या तळाला जाळीचं कुंपण, सौर दिवे, फिरती शौचालयं आणि तोडणी चालू असेपर्यंत पाळणाघर दिलं आहे, असं ग्रामपंचायत अधिकाऱ्याने पाहून सही केल्याशिवाय त्या कारखान्याला गाळपाचा परवाना मिळू नये. पुढच्या हंगामाचे परवाने निघण्याआधी, पावसाळ्यातच, जुन्नर-आंबेगाव-खेड-शिरूरच्या आमदारांनी आणि संचालक मंडळांनी ही अट लेखी मान्य करावी. बिबटे हलवण्याचे ठराव करणाऱ्या ग्रामसभांनी या अटीचाही ठराव करावा आणि तो साखर संकुलात आयुक्तांकडे नेऊन द्यावा.